जिथे दिल्लीचा करार झाला, तिथून दिल्लीला

रविवार : अंजनगाव ते बैतूल

तूर निघाली, हरभरा घाट्यावर आला आणि कपाशीची फरदड ठेवायची की पऱ्हाटी उपटायची एवढाच प्रश्न उरला, की आमच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या माणसाला घराबाहेर पडायला थोडी सवड मिळते. फेब्रुवारीचा तो आठवडा साधून आमच्या गावच्या वाचनालयाने दिल्लीची सहल काढली. सोबत सरपंचताई, पानमळ्यात आयुष्य घातलेले आबाजी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी माझी पुतणी, आणि शेंडगावची दोन-तीन जोडपी. हे शेंडगाव म्हणजे गाडगेबाबांचं जन्मगाव, आमच्या शेजारचं.

दिल्लीच का, असं गावात बऱ्याच जणांनी विचारलं. माझं कारण जुनं आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला, तो इतिहासात सुर्जी अंजनगावचा तह म्हणून ओळखला जातो. त्या तहात शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब सोडला, दिल्ली-आग्रा सोडलं, आणि बादशहा शाह आलमच्या कारभारात यापुढे लक्ष घालणार नाही असं लिहून दिलं. म्हणजे दिल्ली मराठ्यांच्या हातून कागदावर गेली ती आमच्या अंजनगावात. शाळेतल्या पोरांना प्लासी पाठ असते, पानिपत पाठ असतं. आपल्या पायाखालची ही गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. मला ते सलत आलंय. जी दिल्ली इथे लिहून दिली, ती एकदा नीट पाहावी, हा माझा हट्ट होता.

सकाळी परतवाड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा डावीकडे सातपुड्याची रांग स्वच्छ दिसत होती. त्याच डोंगरात गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तह केला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा जवळपास सगळा मुलूख गेला आणि इंग्रजांनी तो निजामाला देऊन टाकला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत आमच्या अंजनगावातला तह. एका महिन्यात वऱ्हाडाचं आणि दिल्लीचं भवितव्य ठरलं, आणि तेही दोन-चार कोसांच्या परिसरात.

अचलपुरात चहापुरते थांबलो. हे गावही एकेकाळी राजधानी होतं. बहमनी राज्य फुटल्यावर वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. त्याच्याही आधी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच अचलपूरवरून. आबाजींनी विचारलं, "म्हंजे दिल्लीवाले आपल्याकडे पहिलेच येऊन गेले?" मी म्हटलं, "हो आबाजी, आपणच उशिरा निघालो."

घाट चढून दुपारी बैतूल, संध्याकाळची गाडी. दशम्या, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा सोडला तेव्हा डब्यातली पंजाबी माणसंही जेवायला सरकून बसली.

सोमवार : मेहरौली

रात्री झोपेत विदिशा मागे पडलं, पहाटे ग्वाल्हेर. दिल्ली गेल्यावर दौलतरावांनी पुढे आपला मुक्काम कायमचा केला तो ग्वाल्हेरलाच. सकाळी दिल्लीत उतरलो, धर्मशाळेत पिशव्या टाकल्या. लाल किल्ला सोमवारी बंद असतो म्हणून आधी मेहरौली.

कुतुबमिनार पाहायला सगळेच जातात. मिनार सुंदर आहे, वादच नाही. कुतुबुद्दीन ऐबकने सुरू केलेला, इल्तुत्मिशने पुढे नेलेला, सुमारे ७३ मीटर उंच. पण आमची मंडळी खिळली ती दोन वेगळ्याच गोष्टींजवळ.

पहिली, अलाई मिनार. कुतुबच्या दुप्पट उंच मनोरा बांधायचा अलाउद्दीन खिलजीचा बेत होता. पहिला मजला झाला आणि तो वारला. आज उरलाय तो ओबडधोबड दगडांचा प्रचंड बुंधा. देवगिरीच्या लुटीच्या जोरावर त्याने दिल्लीचं तख्त मिळवलं. आबाजी त्या बुंध्याभोवती पूर्ण फेरी मारून आले आणि म्हणाले, "अचलपूरवरून गेला थोच का हा?" थोच. काल त्याच्या वाटेवर आम्ही चहा घेतला होता.

दुसरी गोष्ट, लोहस्तंभ. सात मीटरच्या वर उंची, वजन सहा टनांहून जास्त, आणि दीड हजारावर पावसाळे झेलूनही गंज नाही. लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्याने पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार झाला, असं धातुशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. कठड्यामुळे हात लावता येत नाही, पण ब्राह्मी अक्षरांच्या ओळी उघड्या डोळ्यांनी दिसतात. अक्षर ठसठशीत, ओळ सरळ. त्यात 'चंद्र' नावाच्या राजाची कीर्ती कोरली आहे. हा चंद्र म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक अभ्यासक मानतात. स्तंभ मुळात इथला नव्हे, नंतर आणून उभा केलेला.

आणि इथे मी सगळ्यांना थांबवलं, कारण पुढची गोष्ट आपल्या घरची आहे. या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता विदर्भात दिली होती, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला. नवरा लवकर गेला, मुलं लहान. मग राज्याचा कारभार तिने स्वतः हाती घेतला. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. तिथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. तिचा एक ताम्रपट मिळाला तो आपल्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. महानुभावांमुळे रिद्धपूर आपल्याला माहीत असतं, या राणीमुळे नसतं. तिच्या दानपत्रांत वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांपासून.

सरपंचताई इतका वेळ गप्प ऐकत होत्या. म्हणाल्या, "सोळाशे वर्सांपहिले बाईनं सही-शिक्का चालवला, अन् मले ग्रामपंचायतीत अजून इचारतात, ताई, भाऊ कुठी हाय, सही पाह्यजे होती." त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. स्तंभासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

मंगळवार : संसद आणि रायसीना

आमच्या खासदारांच्या शिफारशीने लोकसभेच्या प्रेक्षक सज्जाचे पास मिळाले होते. मोबाइल, पिशव्या, आबाजींची तंबाखूची डबी, सगळं बाहेर जमा. तपासणीवर तपासणी, पण वागणूक सभ्य.

नवं संसद भवन २८ मे २०२३ ला सुरू झालं. इमारत त्रिकोणी, लोकसभेचा साज मोराचा, राज्यसभेचा कमळाचा. आज सभासद ५४३, पण लोकसभेच्या दालनात जागा ८८८ आहेत, उद्याचा विचार करून. लाल दगड राजस्थानातल्या सरमथुऱ्याचा, गालिचे मिर्झापूरकडचे, आणि सागवान नागपूरचं. हे शेवटचं मी आबाजींच्या कानात सांगितलं. त्यांनी लगेच शेजारच्या लाकडावर अंगठा फिरवला, रेषेच्या दिशेने एकदा, आडवा एकदा. घराचं आढं त्यांनी तरुणपणी स्वतः बसवलेलं आहे. हळूच म्हणाले, "आपलंच हाय." तिथल्या शिपायाने ओठांवर बोट ठेवलं, पण आबाजींचा हात काही तिथून हलला नाही.

अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. दिवसाला असे २० प्रश्न यादीवर असतात. अतारांकितांची उत्तरं लेखी. गोंधळ होताच. टीव्हीवर तेवढाच दिसतो. पण वरून पाहताना कळतं की त्या गोंधळाखालून काम चालूच असतं. कागद फिरतात, सचिवालयाचे लोक धावतात, एखादा सदस्य नेमका आकडा मागतो आणि मंत्र्याला तो द्यावा लागतो. आमच्या ग्रामसभेत असा एक तास ठेवला तर किती तरी गोष्टी सुधारतील, असं मला प्रामाणिकपणे वाटलं, आणि सरपंचताईंनी ते वहीत लिहून घेण्यासाठी बाहेर आल्याआल्या पेन मागितलं.

या नव्या इमारतीत पहिलं मोठं विधेयक मंजूर झालं ते महिला आरक्षणाचं, सप्टेंबर २०२३ मध्ये. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा. अंमल मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधलेला. आपल्याकडे गावपातळीवर एक तृतीयांश आरक्षण ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून आलं आणि महाराष्ट्राने पुढे ते निम्म्यावर नेलं. या बाबतीत गाव दिल्लीच्या पुढे आहे आणि ते आपण अभिमानाने सांगायला हवं.

शेजारीच जुनी वर्तुळाकार इमारत, आता तिचं नाव संविधान सदन. १८ जानेवारी १९२७ ला उद्घाटन झालेली, बाहेरच्या बाजूने १४४ खांब. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा इथेच पहिल्यांदा बसली. त्या सभेत अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता, डॉ. पंजाबराव देशमुख. पुढे १९५२ पासून दहा वर्षं ते नेहरूंच्या सरकारात शेतीचा कारभार पाहत होते. १९५९-६० मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागे तेच होते. वणीचे लोकनायक अणे हेही त्याच सभेत. सदनाकडे पाहत मी ही नावं मोठ्याने घेतली. ती घ्यायलाच हवीत.

तिथून रायसीना टेकडी. राष्ट्रपती भवन, ३४० खोल्या, एडविन ल्युटेन्सचं काम. बाजूचे दोन सचिवालयांचे ब्लॉक हर्बर्ट बेकरचे. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली आणि नव्या शहराचं उद्घाटन व्हायला फेब्रुवारी १९३१ उजाडला. याच भवनात २००७ ते २०१२ प्रतिभाताई पाटील राहिल्या, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, एके काळच्या आमच्या अमरावतीच्या खासदार.

आबाजींचा प्रश्न मात्र तिसराच होता. "येथं पहिले काय होतं? वावरं असतीन ना?" होती. रायसीना आणि मालचा ही गावंच होती. नव्या राजधानीसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली इथली जमीन घेतली गेली. मालच्याच्या लोकांचा मोबदल्याचा वाद तर पिढ्यान् पिढ्या पुरला. हे ऐकून सगळे गप्प झाले, कारण धरणात आणि रस्त्यात वावर गेलेली घरं आमच्यातही आहेत. राजधानीच्या भव्यतेचं कौतुक करताना ही दोन गावं विसरली जाऊ नयेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

संध्याकाळी कर्तव्य पथावर हिरवळीत बसलो. सरपंचताईंनी पुतणीला विचारलं, "येथं नळाले पाणी नाही आलं तं तक्रार कोणापाशी करा लागते?" पोरीने छान समजावलं. दिल्ली पूर्ण राज्यही नाही आणि नुसता केंद्रशासित प्रदेशही नाही. १९५२ मध्ये विधानसभा होती, १९५६ मध्ये ती गेली. मग १९९१ च्या ६९व्या घटनादुरुस्तीने पुन्हा ७० जागांची विधानसभा आणि मुख्यमंत्री मिळाला. पण पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडेच, नायब राज्यपालांमार्फत. पाणी जल बोर्डाचं, म्हणजे दिल्ली सरकारचं. कचरा महापालिकेचा. मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, गल्लीबोळ महापालिकेचे. आणि आपण बसलो आहोत तो सगळा भाग वेगळ्याच नवी दिल्ली नगरपरिषदेचा. सरपंचताई म्हणाल्या, "बाप्पा! आमचं बरं हाय, सारे शिव्या मलेच देतात." त्यांना वाटलं ते खरं होतं: जबाबदार कोण हे गावात तरी माणसाला माहीत असतं.

बुधवार : लाल किल्ला, खारी बावली

माझ्यासाठी सहलीचा खरा दिवस हा.

शाहजहानने १६३९ मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं, १६४८ मध्ये पूर्ण झालं. लाहोरी दरवाजातून आत शिरलो, छत्ता बाजार ओलांडला, दिवाण-ए-आम मागे टाकलं आणि दिवाण-ए-खाससमोर आलो. पांढरा संगमरवर, खांबांवर फुलांची जडावाची नक्षी, काही फुलांतले खडे उपटलेले. छताकडे पाहायला मी सगळ्यांना सांगितलं. या छताला चांदीचा पत्रा होता. नादिरशहाने १७३९ मध्ये मयूरासन नेलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण छताची चांदी उतरवली ती आपल्या सदाशिवरावभाऊंनी, १७६० मध्ये, पानिपतच्या आधी, फौजेचा पगार भागेना म्हणून. आपल्या लोकांनी केलं म्हणून ते झाकायचं कारण नाही. उपाशी फौज आणि रिकामा खजिना घेऊन पानिपतावर जाणाऱ्या माणसाची ती अडचण होती, आणि एका देखण्या वास्तूचं ते नुकसानही होतं. दोन्ही खरं.

महादजी शिंद्यांची गोष्ट यापेक्षा मोठी. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि परागंदा शाह आलमला तख्तावर बसवलं. १७८४ मध्ये बादशहाने मराठ्यांना वकील-ए-मुतलकपद, म्हणजे आपल्या मुखत्याराचं पद, दिलं आणि प्रत्यक्ष कारभार महादजींच्या हाती सोपवला. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने किल्ल्यात शिरून म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने त्याला पकडून ठार केलं आणि आंधळ्या शाह आलमला पुन्हा गादीवर बसवलं. लोक म्हणत, शाह आलमची सल्तनत दिल्लीपासून पालमपर्यंत. त्या पालमला आज विमानतळ आहे. पण या सावलीएवढ्या बादशहाच्या नावाने हुकूम निघत आणि ते चालवणारी माणसं मराठी होती.

मग ११ सप्टेंबर १८०३. यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकने शिंद्यांची फौज मोडली आणि काही दिवसांत तो या किल्ल्यात त्या आंधळ्या बादशहापुढे उभा राहिला. मी सोबत तहाच्या कलमांची टिपणं आणली होती. शाह आलमसंबंधीचे सगळे दावे सोडल्याचं कलम मी तिथेच वाचून दाखवलं, आणि शेवटी ठिकाण: सुर्जी अंजनगाव. तारीख: ३० डिसेंबर १८०३. शेंडगावच्या मावशी म्हणाल्या, "आपलंच अंजनगाव?" शेजारी उभं असलेलं एक पुण्याचं कुटुंब ऐकत थांबलं होतं. त्यांनी ते गाव कुठे आहे विचारलं, आणि आबाजींनी त्यांना परतवाडा, अकोट, दर्यापूर अशा सगळ्या दिशा हाताने दाखवत सांगितलं.

दुपारी चांदणी चौकातून चालत फतेहपुरी मशिदीपर्यंत. वाटेत सीसगंज गुरुद्वारा. १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला ती जागा. डोकं झाकून सगळे आत जाऊन आलो.

मशिदीच्या पलीकडे खारी बावली, मसाल्यांचा घाऊक बाजार. मिरचीच्या खाटाने सगळे शिंकत होते. एका गोदामाच्या दारात आबाजी एकदम वाकले आणि उघड्या पोत्यातून लांबट, काळपट, खरखरीत कणसासारखं काहीतरी उचललं. पानपिंपरी, म्हणजे औषधी पिंपळी. आमच्या अंजनगावच्या बारी समाजाचं पीक, वेलीवर येणारं, पावलापावलाला सावली-पाणी मागणारं. आबाजींनी ती दातांत चावली, जिभेवर तिखटपणा येईपर्यंत थांबले, मग दुकानदाराला हिंदीत विचारलं, "माल कहाँ का?" तो म्हणाला, "महाराष्ट्र से आता है." आबाजींनी आपला हात पुढे केला. बोटांना वर्षानुवर्षं पानमळ्यातल्या गाठी मारून पडलेले घट्टे. "अंजनगाव," ते म्हणाले. दुकानदाराने उठून त्यांना गादीवर बसवलं आणि चहा मागवला. मग बराच वेळ वाळवण कशी करावी, माल कशाने काळा पडतो, काड्या का चालत नाहीत, यावर बोलणं झालं. गिऱ्हाईक काय मागतं हे गावातल्या व्यापाऱ्याने आम्हाला कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

गुरुवार : पटपडगंज, अलीपूर रोड

पटपडगंजला आता उंच इमारती आणि गाड्यांच्या रांगा. लढाईचा स्मृतिस्तंभ नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे, पण तो जिंकणाऱ्यांचा. इथे फार वेळ काढला नाही.

२६, अलीपूर रोड मात्र प्रत्येकाने पाहावं. मंत्रिपद सोडल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ ला इथेच गेले. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा, १६ ला चंद्रपूरला, आणि त्यानंतर दोन महिनेही नाहीत. आता तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे, २०१८ मध्ये झालेलं. त्याच डिसेंबरच्या २० तारखेला वलगावजवळ गाडगेबाबा गेले. शेंडगावची मंडळी हे एकमेकांना सांगत होती. बाबासाहेब आणि गाडगेबाबा, एकमेकांना मानणारी ही दोन माणसं, चौदा दिवसांच्या अंतराने गेली.

शुक्रवार : आझादपूर, ३० जानेवारी मार्ग, परतीची गाडी

भल्या पहाटे आझादपूर मंडी. अशी मंडी आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. ट्रकांच्या रांगा, हमालांच्या आरोळ्या, आणि क्रेटमधून ओळखीची संत्री. सरपंचताईंनी आकारानुसार लावलेली प्रतवारी आणि क्रेटमधली कागदाची मांडणी मोबाइलवर टिपून घेतली. आमच्याकडे अजून संत्री ट्रकमध्ये सुटी ओततात आणि तळची दबली की दर पडतो.

दुपारी गांधी स्मृती. १९४६ च्या ऑगस्टमध्ये सेवाग्राम सोडलेले बापू परत आश्रमात गेलेच नाहीत. ३० जानेवारी १९४८ ला इथे, संध्याकाळच्या प्रार्थनेला जाताना, त्यांना गोळ्या घातल्या. त्यांची शेवटची पावलं हिरवळीवर दगडात उठवली आहेत.

परतीच्या गाडीत सरपंचताईंनी वही उघडून महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेचे विषय मांडले: प्रश्नोत्तरांचा तास, पानपिंपरी वाळवण्यासाठी ओटा, आणि १८०३ च्या तहाचा मराठीत फलक. मजकूर पुतणी लिहिणार आहे. त्यात दिल्लीच्या बरोबरीने देवगावचा तह आणि गाविलगडही यायला हवा असं मी सुचवलं, आणि त्यावर इटारसीपर्यंत चर्चा चालली. फलक कुठे लावायचा यावर एकमत झालेलं नाही. एसटी स्टँडवर सगळ्यांना दिसेल असं मला वाटतं, आबाजींना शाळेच्या भिंतीवर हवा आहे.

कोणाला जायचं असेल तर संसदेच्या पाससाठी खासदारांच्या कार्यालयात आधीच अर्ज द्या, अधिवेशनाच्या तारखा पाहूनच रेल्वेची तिकिटं काढा, आणि खारी बावलीला रविवार सोडून जा.